बाईंना पाणी कोण देणार?

बाई कुणाच्याही घरी गेल्या की पहिलं भांडण पाण्यावरून व्हायचं.

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग बाकीचं. उन्हातून आलेल्या माणसाला कुणी विचारत बसत नाही, तांब्या-पेला सरळ पुढे येतो. बाई तो मागे सारायच्या. "तुम्ही नका देऊ. ते कुठायत?" ते म्हणजे आम्ही ज्यांच्यासाठी आलेलो असायचो ते. ते बहुधा मागच्या खोलीत असायचे, नाहीतर गोठ्याच्या कडेला बाजेवर. "त्यांच्या हातचं पिईन," असं सांगून बाई भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि मग ब्रह्मदेव आला तरी हलायच्या नाहीत.

बीडकडच्या माणसाला यातली अडचण वेगळी सांगायला नको. एखाद्याच्या हातचं पाणी न घेण्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो चांगला नाही. घरातली म्हातारी लगेच ताठ व्हायची. "कावून? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुमाला?" मग मी मध्ये पडायचे, हात जोडायचे, बाईंचा नियम समजावून सांगायचे. तोवर माझ्याही घशाला कोरड पडलेली असायची, कारण त्यांच्याबरोबर असताना मलाही तो नियम लागू होता.

आमच्या नेमणुकीच्या कागदावर 'साहाय्य समन्वयक' असं लिहिलेलं होतं. गावात आम्हाला 'अपंगाच्या बाया' म्हणत. काम असं की जन्मापासून ज्यांची वाढ इतरांसारखी झाली नाही, ज्यांना बोलायला, समजायला, आपलं आपण करायला दुसऱ्याची मदत लागते, अशा मोठ्या माणसांना ती मदत जुळवून द्यायची. कुणाला अपंगत्वाचा दाखला मिळवून दे, कुणाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ने, कुणाला जमेल असं काम शोध, कुणाच्या भावजयीची समजूत काढ. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच लागले होते आणि बाई माझ्या वरिष्ठ होत्या. मला कुणी आधी सावध केलं असतं तर मी बँकेची परीक्षा दिली असती.

उंची बेताची, आवाज मात्र तालुक्याच्या बाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा. सुती साडी आणि तिच्याखाली पुरुषांचे खेळाचे बूट. बारा महिने काखेत छत्री; ती पावसासाठी नसून कुत्र्यांसाठी आणि दार न उघडणाऱ्या घरांसाठी होती. अहवाल त्यांनी जन्मात लिहिला नाही, ते माझ्या गळ्यात. साहेबांच्या बैठकीत त्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपत आणि नेमका मुद्द्याचा प्रश्न आला की डोळे न उघडता उत्तर देत. मला शाबासकी म्हणून कधी दिली नाही. फार खूश असल्या तर पदरात बांधलेली बडीशेप चिमूटभर हातावर ठेवायच्या.

'बिचारा' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. एकदा वडवणीहून परत येताना जीपवाला सहज म्हणाला, "बिचारं लेकरू, देवानं असं कावून केलं असंल?" ज्याच्याबद्दल तो बोलत होता त्या माणसाच्या कानावरचे केस पिकले होते. बाईंनी जीप थांबवली, खाली उतरल्या आणि छत्री उघडून चालायला लागल्या. जीपवाला बिचारा (आता मीच तो शब्द वापरला) मैलभर त्यांच्या मागून जीप रेटत, "बाई, चुकलं, बसा की," करत येत होता. त्या बसल्या, पण त्यांनी त्याला त्या 'लेकरा'चं आडनाव लावून पुरं नाव म्हणायला लावलं, आणि ते त्याच्या तोंडून तीनदा नीट आल्याशिवाय गाडी सुरू करू दिली नाही.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. घरचे ज्याला जन्मभर 'बाळ्या' म्हणत आले त्याला बाई 'बाळासाहेब' म्हणायच्या, आणि बाळासाहेब हरखून आपल्या मागे कोण उभंय ते बघायचे. पुरुषांची दाढी घरात बसवून करायला त्यांचा सक्त विरोध. बाजाराच्या दिवशी वडवणीतल्या सलूनमध्ये त्या स्वतः अशा दोघा-तिघांना घेऊन रांगेत बसायच्या. न्हावी कुरकुरला तर, "त्यांना कोणता कट पाहिजे ते त्यांना विचार, माझ्याकडं काय बघतो?" असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगायच्या. गिऱ्हाइकं हसायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे, माझे मात्र कान तापायचे.

पाण्याच्या नियमाची खरी परीक्षा मी गेवराईकडच्या एका पुढाऱ्याच्या घरी पाहिली. मे महिना. ओसरीवर पांढऱ्या कपड्यातली मंडळी, बाहेर गाड्या, आत एसी. पुढाऱ्याच्या धाकट्या भावाच्या दाखल्याचं काम होतं. ताटात बर्फाच्या पाण्याचे पेले आले. बाईंनी मान हलवली. पुढारी हसून म्हणाला, "बाई, आमदारबी पितेत आमच्याकडं." बाई म्हणाल्या, "ते तुमच्याकडे येत असतील. मी तुमच्या भावाकडे आले आहे." मला वाटलं, आता नोकरी गेली. पण दाखल्याचं काम अडलेलं होतं, म्हणून मागच्या अंगाला निरोप गेला, आणि खूप वेळानं एक पस्तिशीतला जाडजूड माणूस दोन्ही हातांत पेला धरून भिंतीच्या कडेकडेनं आला. अर्धं पाणी पुढाऱ्याच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडलं. उरलेलं बाईंनी उभं राहून घेतलं, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "वा! गार आहे हो." तो माणूस मोठ्यानं हसला आणि पळत जाऊन दुसरा पेला घेऊन आला. मग ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला त्यानं पाणी दिलं. आतल्या दारात त्याची आई पदर तोंडाला लावून उभी होती.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, हा हट्ट कशासाठी. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पाहुण्याला पाणी घरचा माणूस देतो. ज्यानं कधी कुणाला पाणी दिलं नाही तो त्या घरात राहतो, पण घरचा नसतो. ती सगळी पाहुण्यासारखी जगतात गं, जन्मभर, आपल्याच घरात." त्या दिवशी मला बडीशेप मिळाली.

एका गोष्टीत मात्र त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. निवासी संस्था म्हणजे कोंडवाडा, असं त्यांचं ठाम मत होतं. तरुणपणी त्यांनी अशा एका ठिकाणी काम केलं होतं आणि तिथलं जे पाहिलं ते त्या सांगत नसत. तेव्हापासून माणसांना संस्थेतून घरी आणायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. घर कसंही असो, घर ते घर.

रुक्मिणचं काम आमच्याकडे आलं, ते नेमकं या मताच्या आड.

तिचं घर मेंढपाळाचं. वडवणी तालुक्यात गाव, पण दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीकडे निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. घरात म्हातारा बाप, धाकटा भाऊ महादू, त्याची बायको आणि रुक्मिण. रुक्मिण तिशीची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची. बोलायची अगदी थोडं, तेही रोज नाही. आई होती तोवर मुक्कामाच्या जागी ती आईच्या पदराला असायची. आई गेली आणि पहिल्याच फेरीत रुक्मिण चालत निघून गेली. दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला, उसाच्या ट्रकांच्या रांगेत सापडली. त्यानंतर सगळे मेंढरांमागे गेले की तिला बाजेला बांधून जायचे. दोरी रुतू नये म्हणून बापानं आईच्या लुगड्याचा काठ फाडून त्याची दोरी वळली होती.

आम्ही गेलो तेव्हा ती काठाची दोरी बाजेवर पडलेली होती. कुणी लपवली नव्हती.

महादू हात जोडून म्हणाला, "बाई, मी काय कसाई न्हाई. पण बाईमाणूस हाय ती. रानात कुणी उचलून नेली तर मी काय करू? दिवाळीच्या आत तिची कुठं सोय लावा. अंबाजोगाईकडं बायांची संस्था हाय म्हणत्यात, तुमच्या शिफारशीबिगर घेत न्हाईत." त्याची बायको चुलीजवळून म्हणाली, "मला तरी सुटका द्या. जनावरं बघू का हिला बघू?"

आम्ही निघालो तेव्हा म्हातारा बांधापर्यंत आला आणि बाईंचे पाय धरायला वाकला. "तेवढी माझी लेक माझ्यापासून तोडू नका. हिच्या आईला सबूद दिलता मी."

बाईंनी त्याला वरच्यावर धरलं. "मामा, ती कुठं जायची नाही. माझा शब्द घ्या." बाई कधी कुणाला असा शब्द देत नसत. आधी विचारायचं, मग बोलायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

आणि विचारायचं तर रुक्मिणला. ती काही बोलेना, पाणीही देईना. आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. बाई बाजेशेजारी मातीत बसायच्या, "रुक्मिणबाई, तहान लागली हो," म्हणायच्या. रुक्मिण त्यांच्या बुटांकडे बघत बसायची. म्हातारा लांबून खुणा करायचा, महादूची बायको तिच्या हातात तांब्या द्यायची, ती तो खाली ठेवायची. बाई तहानलेल्याच परत यायच्या. "अजून ओळख नाही," त्या म्हणायच्या. "आईचं दुःख आहे." त्यांच्याकडे कारणांना तोटा नव्हता.

दिवाळी झाली. मेंढरं निघायची वेळ आली तसा महादू हट्टालाच पेटला. शेवटी बाईंनी मधला मार्ग काढला: थोडे दिवस रुक्मिणला त्या संस्थेत ठेवायचं, तिला आवडतं का बघायचं. मला एकटीला म्हणाल्या, "बघच तू. दुसऱ्या दिवशी रडून गोंधळ घालेल. मग महादूला दाखवता येईल की तिला घरच पाहिजे." त्यांनी तिला पोचवलं तेव्हा तिची घोंगडी मुद्दाम बरोबर दिली, वासानं घराची आठवण यावी म्हणून. इतक्या पक्क्या होत्या त्या.

रडण्याचा निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानंही नाही. बाई अस्वस्थ झाल्या. "दबवून ठेवली असेल," म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या.

संस्था साधीच होती. पत्र्याचं छप्पर, सारवलेलं अंगण, दाराला आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणारी कडी. अंगणात बाया वाती वळत बसल्या होत्या. रुक्मिण एका चाकाच्या खुर्चीमागे उभी होती. खुर्चीत शेवंता नावाची, चालता न येणारी, तिच्याच वयाची बाई. रुक्मिण खुर्ची ढकलायची, शेवंता "हुर्र्" करायची आणि दोघी हसायच्या. रुक्मिण हसते हे आम्हाला माहीतच नव्हतं. बाई पायरीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही.

रुक्मिणनं आम्हाला पाहिलं. खुर्ची सोडून ती आत गेली, आणि स्टीलचा पेला काठोकाठ भरून, अंगठा पाण्यात बुडवून, बाईंपुढे येऊन उभी राहिली.

बाईंनी पेला घेतला, पण ओठाला लावेनात. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या चिडल्या आहेत असं मला आधी वाटलं. मग दिसलं की त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरलाय. रुक्मिणनं पेल्याकडे बोट केलं: पी. बाई प्यायल्या. सगळं प्यायल्या, आणि पेला परत देताना त्यांच्या तोंडून "वा" निघालं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी आयुष्यभर सगळ्यांना विचारत हिंडले. उत्तर मात्र माझ्याच खिशात असायचं. ही पहिलीच, जिनं मला खरंच सांगितलं." मग रस्त्यातच उभ्या राहून रडल्या. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या सगळ्यात जास्त आवडल्या.

आता म्हाताऱ्याला सांगायचं होतं. शब्द बाईंनी दिला होता, म्हणून मला पुढे न करता त्या स्वतः गेल्या. मेंढरं तेव्हा गेवराईच्या पुढे, नदीकडच्या एका पडीक रानात बसली होती. म्हातारा लांबूनच बघायला लागला, आमच्या मागे कुणी येतंय का. कुणी नव्हतं.

"मामा, मी शब्द मोडला," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "आणायला गेले होते. पण ती तिथं रमलीय. तिथं कुणी बांधत नाही तिला, आणि ती कुठं पळतही नाही. मला विचाराल तर मी तिला आणू शकते. तिला विचाराल तर ती यायची नाही."

महादूनं हे ऐकलं. ज्यानं महिनाभर आमचा पिच्छा पुरवला होता, तो मटकन खाली बसला. "म्हंजी आमी येवढे वाईट व्हतो व्हय बाई?"

"वाईट नव्हता. पण दोरी दोरीच असते, महादू."

म्हाताऱ्यानं काठीनं माती उकरली. मग म्हणाला, "लेक नांदाया गेली म्हणायचं."

"नांदायला नाही," बाई फाडकन म्हणाल्या. असल्या वेळीही त्यांना राहवलं नाही. "राहायला गेली. नवरा नाही, सासू नाही, तिच्या मर्जीनं गेली."

"त्येच की," म्हातारा म्हणाला. "पर गेली ना लेक? मंग पंचमीला मुराळी धाडावा लागन का न्हाई?"

सासरी गेलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला जो भाऊ जातो, तो मुराळी. त्या म्हाताऱ्याच्या घरातून असा कुणी कधी निघाला नव्हता, कारण रुक्मिण कुठं गेलीच नव्हती. बाईंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "धाडा," एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात मेंढरं गावाला परतली, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही संस्थेत होतो. मी कामासाठी गेले होते. बाईंना तिथं काही काम नव्हतं, तरी आल्या होत्या. दुपार कलल्यावर महादू आला. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीत बापानं घेतलेलं हिरवं लुगडं. बहिणीच्या सासरी आलेला भाऊ उभा राहतो तसा फाटकाशीच अंग चोरून उभा राहिला. कुणीतरी 'या' म्हटल्यावर आत आला.

रुक्मिण अंगणात आली. त्याला बघून हसली, पण जागची हलली नाही.

"चल," महादू म्हणाला.

ती तशीच. शेवंताच्या खुर्चीवर तिचा एक हात होता.

"गाडी उभी हाय, अक्का. चल की." मग तो बाईंकडे वळला. "बाई, तुमी तरी सांगा तिला. म्हातारं वाटंला डोळे लावून बसलंय."

बाईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता. बोलायचं नाही म्हणून. ज्या बाईचं तोंड मी कधी मिटलेलं पाहिलं नाही, ती हातानं ते मिटून उभी होती आणि महादूकडे नुसती बघत होती.

महादूला ते कळायला वेळ लागला. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, सदऱ्यानं तोंड पुसलं. मग बहिणीच्या समोर जाऊन, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "अक्का, येती का घरी? पंचमीला?"

रुक्मिणनं विचार केला. अगदी दिसेल असा, कपाळाला आठ्या घालून केला.

"उद्या," ती म्हणाली.

"उद्या?" महादू गोंधळला. त्याची मेंढरं गावात, गाडी दुसऱ्याची, दारात उभी. तो फाटकाकडे बघून आला, आभाळाकडे बघितलं, बाईंकडे बघायचं टाळलं. मग पायरीवर बसून त्यानं चपला काढल्या. "बरं. उद्या तर उद्या."

रुक्मिणनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ती आत निघाली. दारात थांबून तिनं मागे वळून बघितलं, तो येतोय का म्हणून. महादू उठला आणि तिच्या मागोमाग आत गेला.